घुमे फिटर आणि आठ वाट्या

बोलून बोलून समोरच्याचं डोकं उठवणारी माणसं भुंगीला चालायची, कारण ती स्वतः त्यातलीच होती. पण विचारलं तर 'हं', आणि नाही विचारलं तर तेही नाही, असल्या माणसांचा तिला विलक्षण संशय यायचा. म्हणून बाबांच्या गॅरेजात एक नवे फिटर आले त्याच दिवशी तिने त्यांचं नाव घुमे ठेवून टाकलं आणि त्यांच्यावर पाळत ठेवायला सुरुवात केली.

"आले कुठून हे?" तिने बाबांना विचारलं.

"टेकडीखालच्या गॅरेजातून."

"तिथलं काम का सोडलं?"

"त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

"वा. उद्या एखादा सिंह आत आला तरी तुम्ही विचारणार नाही."

"सिंहाला व्हॉल्व्ह घासता येत असतील तर कशाला विचारू?" बाबा म्हणाले आणि पुन्हा गाडीच्या तोंडात डोकं घालून बसले.

टेकडीखालचं गॅरेज म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. चढाच्या शर्यतीत आत्याच्या पुढे कायम जी निळी गाडी असायची, ती तिथेच तयार व्हायची. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. घरात ती चहाचा कपसुद्धा धड ठेवायची नाही, पण गाडीत बसली की वळणावर केसाइतकं अंतर राखून जायची. अडचण तिच्या हातात नव्हती, इंजिनात होती. मागच्या शर्यतीत शेवटच्या चढावर तिची गाडी धापा टाकत टाकत बसली ती बसलीच. तिच्या संघाच्या मॅनेजरांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "पुढच्या शर्यतीत गाडी वरपर्यंत पोचली नाही तर त्यानंतर तुमच्या जागी दुसरं कुणी." आत्या हसून "बरं" म्हणाली होती. ती शर्यत आता या रविवारवर आली होती. पण त्या दिवसापासून ती रोज गॅरेजात येऊन त्या इंजिनाकडे असं बघत बसायची, जणू आजारी माणसाच्या उशाशीच बसली आहे.

रोग बाबांनी शोधला होता. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा असतो, त्यावर उंचवटे असतात. दांडा फिरला की प्रत्येक उंचवटा आपल्याखालच्या पोलादी वाटीला दाबतो, वाटी व्हॉल्व्हला दाबते, आणि इंजिन श्वास घेतं. आत्याच्या गाडीचे उंचवटे झिजून बसले होते. म्हणजे इंजिन अर्ध्याच श्वासावर डोंगर चढत होतं. त्या जुन्या इंजिनाचा नवा कॅमशाफ्ट आता कुठे मिळत नव्हता. मग बाबांनी भंगारातून त्याच कंपनीचं एक नवं इंजिन आणलं. नवं म्हणजे आखणीने नवं, वयाने तेही म्हातारंच. त्याचा कॅमशाफ्ट आणि आठ वाट्या थोड्या घासाघिशीनंतर जुन्या इंजिनात बसणार होत्या.

"फक्त एक," बाबांनी भुंगीला बजावलं होतं, "वाटी आणि उंचवटा एकमेकांसोबत झिजलेले असतात. आपली चप्पल आपल्याच पायाला बसते ना, तसं. अदलाबदल झाली की दोघं एकमेकांना खातात."

म्हणून त्यांनी ते इंजिन खोलताना एकेक वाटी काढून अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवली आणि कडेला आकडे घातले. एका वाटीवर गंजाची बारीक तपकिरी रेघ होती. ते इंजिन भंगारात ओलीत पडून असताना उमटलेली. तिच्या उंचवट्यावरही तशीच रेघ. "जुळ्यांच्या गालावरचा तीळ," बाबा म्हणाले आणि भुंगीला ते फार आवडलं.

ट्रे भरला आणि बाबा दुसऱ्या गाडीच्या कामाला लागले. जोडणी घुम्यांनी केली.

गाडी चालू केली तेव्हा सगळे भोवती उभे होते. इंजिन सुरू झालं आणि आत्याचा चेहरा उजळला. भुंगीचा नाही. तिला आत कुठेतरी टिकटिक ऐकू येत होती. एखादा माणूस टेबलावर नख आपटत बसतो तशी.

"बाबा, बंद करा."

"अगं, नवीन जोडणी आहे. बसेल हळूहळू."

"बंद करा म्हणते ना. आत कुणीतरी कुणाला खातंय."

बाबांनी बंद केलं. तेल थोडं काढून पांढऱ्या फडक्यावर टाकलं. तेलात धातूच्या चुऱ्याची चमकी होती, लग्नातल्या साडीसारखी.  त्यांनी वरचं झाकण उघडलं, दांडा सोडवला, वाट्या बाहेर काढून बाकावर ठेवल्या. सगळ्यांच्या तोंडावर ओरखडे.

"या माझ्या वाट्या नाहीत," बाबा म्हणाले. "मी काढल्या त्या आरशासारख्या होत्या. कुणीतरी बदलल्यात."

हे ते कुणाकडेही न बघता बोलले. पण गॅरेजात माणसं होती ती एवढीच: बाबा, आत्या, भुंगी आणि घुमे. घुमे हातातलं फडकं चोळत उभे राहिले. रागावलेही नाहीत, नाही म्हणालेही नाहीत. भुंगीला वाटलं, कांगावा करणारा चोर परवडला, निदान त्याच्याशी भांडता तरी येतं.

"मी सांगत होते," ती आत्याच्या कानाशी लागली. "टेकडीखालचा माणूस आहे तो. निळ्या गाडीची माणसं काय वाटेल ते करतील."

"तू सगळ्याच माणसांबद्दल सांगत असतेस. दूधवाल्याबद्दलही सांगत होतीस," आत्या म्हणाली, पण तिचीही नजर घुम्यांच्या पाठीवर होती.

"तो खरंच पाणी घालतो."

"दुधात पाणी घालणं आणि इंजिनात भंगार घालणं, यात फरक आहे."

"आहे ना. दूध पिऊन कुणाची जागा जात नाही."

 आता भुंगीला राहवेना. घुमे रोज घरी जाताना फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड जड घेऊन जायचे, हे तिने पहिल्या दिवसापासून बघून ठेवलं होतं. म्हणजे बाबांच्या चांगल्या वाट्या त्यातच गेल्या असणार. दुपारी घुमे हात धुवायला मागे गेले आणि भुंगीने गाठोडं सोडलं.

आत जाडी मोजायचा एक मायक्रोमीटर होता, फट मोजायचं पातळ पट्ट्यांचं फिलर गेज होतं, आणि मुठी काळ्याभोर झालेले चार-पाच पाने. वाटी नावालासुद्धा नाही.

"मोजून घे," मागून आवाज आला. "सगळं माझंच आहे."

भुंगीच्या कानशिलांना आग लागली. एरवी तिच्या जिभेवर उत्तरांचा बाजार भरलेला असायचा, आत्ता मात्र एकही दुकान उघडं नव्हतं. "मी आपली... रोज घरी का नेता, ते बघत होते."

"टेकडीखाली माझे दोन पाने गेले. मी विचारलं, तर मीच दुसऱ्यांचे घेतले म्हणून गवगवा झाला. तेव्हापासून मागे काही ठेवत नाही."

एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले होते.

"म्हणजे तुम्हाला आमचा संशय येतो?"

"तुला माझा येत नाही?"

 भुंगी फडक्याची गाठ जशी होती तशी मारायला गेली. मारता आली नाही, ती त्यांनीच मारली.

ती बाकापाशी येऊन बसली. समोर ओरखडलेल्या वाट्या होत्या, ज्या क्रमाने इंजिनातून निघाल्या त्याच क्रमाने. चोर सापडला नाही याचं दुःख मोठं होतं. घुमे साव ठरले म्हणून तिचा संशय काही झोपी गेला नाही, तो उठून दुसरीकडे जाऊन बसला. आत्याकडे. मग बाबांकडे. मग बाबांनी ज्याच्याकडून ते इंजिन आणलं त्या भंगारवाल्याकडे. तिने एकेक वाटी उजेडात धरून फिरवायला सुरुवात केली आणि एका वाटीवर थांबली.

ओरखड्यांच्या खाली गंजाची तपकिरी रेघ होती.

म्हणजे वाट्या बदललेल्याच नव्हत्या. त्याच होत्या, बाबांच्याच. तिने दांडा उचलून पाहिला. रेघेचा उंचवटा दांड्याच्या पुढच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या पट्ट्याकडच्या टोकाला होता. आणि रेघेची वाटी निघाली होती थेट दुसऱ्या टोकाहून, जिकडे फ्लायव्हीलचं जड चाक असतं तिकडून. जुळ्यांतला एक या गावात आणि दुसरा त्या गावात. म्हणजे अख्खी ओळच उलटी बसली होती.

आधी तिला वाटलं, हे मुद्दामच केलंय. मग वाटलं, मुद्दाम करणारा एखादीच वाटी हलवेल, सगळी वरात कशाला उलटी फिरवील? तिची नजर दांड्यावरून ट्रेच्या कडेला बाबांनी घातलेल्या आकड्यांवर गेली. मग उठली.

"बाबा, इकडे या. आणि तुम्हीही या, काका." घुम्यांना ती पहिल्यांदाच काका म्हणाली होती. आत्या न बोलावताच आली.

भंगारातून आणलेल्या इंजिनाचा सांगाडा कोपऱ्यात पडला होता. भुंगीने दोघांना त्याच्यासमोर उभं केलं.

"याच्या एक नंबरच्या सिलिंडरवर बोट ठेवा. दोघांनी एकदम. बोलायचं नाही."

"हा काय पोरखेळ?" बाबा म्हणाले.

"ठेवा ना."

दोघांनी बोटं ठेवली. जराही न अडखळता, आपल्याच नाकावर ठेवावीत तशी. बाबांचं बोट पट्ट्याच्या बाजूला होतं. घुम्यांचं फ्लायव्हीलच्या बाजूला.

 दोघांनी आधी एकमेकांच्या बोटांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"एक नंबर पट्ट्याकडून," बाबा म्हणाले. "सगळीकडे पट्ट्याकडूनच असतो."

"तुमच्या जुन्या इंजिनाचा. याचा फ्लायव्हीलकडून. टेकडीखाली सगळी हीच यायची." घुम्यांनी ट्रेकडे बोट केलं. "ट्रेवर एक लिहिलेलं दिसलं. मला वाटलं, हे इंजिन खोललंय म्हणजे याचाच एक असणार."

बाबा स्टुलावर बसले. आत्तापर्यंत या गॅरेजात खोलणारेही तेच आणि जोडणारेही तेच. त्यांचा आकडा त्यांनीच लिहायचा, त्यांनीच वाचायचा. तो दुसऱ्या कुणाला कळतो की नाही, हे बघायची वेळच कधी आली नव्हती.

"मला वाटलं तुम्ही बदलल्यात," ते म्हणाले.

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? टेकडीखालीही बोललो होतो." घुमे वाट्यांकडे बघत म्हणाले. "पण जोडण्याआधी तरी विचारायला हवं होतं मी."

"तुम्ही आणि विचारणार?" भुंगीच्या तोंडून निघून गेलं, आणि आत्या इतक्या मोठ्याने हसली की बाबांनाही हसावं लागलं. घुमे हसले नाहीत. पण त्यांनी मान खाली घातली ती जरा जास्त वेळ घातली.

हसू ओसरल्यावर आत्याने खरा प्रश्न विचारला. "आता सरळ करून बसवल्या तर?"

बाबांनी दांड्यावरून अंगठा फिरवला. "ओरखडे पडलेत दोन्हीकडे. आता प्रत्येकीला तिच्या घरी नेऊन सोडली तरी नांदायची नाही. अर्ध्या चढावर तेलात नुसता भुगा होईल."

"मग जुनंच घाला."

"जुन्याने मागच्या वेळी काय केलं ते विसरलीस?"

"दादा, जुनं दमतं, पण फसवत नाही. ते कुठे दम सोडतं ते मला माहीत आहे. याचं मला काहीच माहीत नाही." तिने हात पुसले. "घाला."

मग शनिवारभर बाबा आणि घुमे त्या जुन्या झिजलेल्या दांड्याच्या मागे लागले. उंचवटा वाढवता येत नव्हता, पण वाटी आणि उंचवटा यांच्यामधली फट जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवायची, म्हणजे जो काही श्वास उरलाय तो तरी वाया जाणार नाही, असं घुम्यांचं म्हणणं पडलं. बाबा म्हणाले, फार कमी ठेवली तर तापल्यावर व्हॉल्व्ह मिटणार नाही. घुमे म्हणाले, मिटेल. बाबा म्हणाले, नाही मिटणार. दोघं एकाच पट्टीने आळीपाळीने मोजत होते आणि एकाने मोजलेलं दुसरा पुन्हा मोजत होता. भुंगी बाजूला उभी राहून दोघांवरही लक्ष ठेवून होती. आता ती कुणालाच सोडणार नव्हती. आत्याने गाडीतून मागची सीट काढली, गालिचा काढला, समोरच्या खणाचं दारसुद्धा उचकटलं.

"तुझी पर्सही काढून ठेव," बाबा म्हणाले. "तिचंच वजन जास्त असेल."

रविवारी बाबा, घुमे आणि भुंगी चढाच्या वरच्या टोकाला दोरीमागे उभे होते. निळी गाडी केव्हाच येऊन गेली होती. मॅनेजर हातातल्या घड्याळाकडे बघत होते. आत्या खालून निघाल्याचं कळलं आणि नंतर बराच वेळ काहीच कळलं नाही.

मग शेवटच्या वळणाआधी आवाज आला. भुंगीने कान टवकारले. टिकटिक नव्हती. पण आवाज खाली खाली जात होता, मागच्या वेळी गेला होता अगदी तसाच. बाबांनी डोळे मिटले. घुमे पुटपुटत होते, "खालचा गिअर. खालचा टाक. टाक की."

एक खटका ऐकू आला आणि आवाज पुन्हा वर चढला. वळणावरून गाडी दिसली. ती वेगाने येत होती असं खोटं कशाला सांगा. येत होती, एवढंच. नाक वर करून, थरथरत, एकेक हात रस्ता मागे टाकत. भुंगीने दोरी इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठला. गाडी पांढऱ्या रेघेपाशी आली, रेघेवर आली, रेघ ओलांडली. आणि मगच बंद पडली.

आत्या दार उघडून बाहेर आली. चेहरा घामाने निथळत होता.

"मधे एक सायकलवाला दिसला," ती मॅनेजरांना म्हणाली. "बराच वेळ दोघं सोबतच होतो. फार चांगला माणूस होता."

मॅनेजरांना हसावं की रागवावं कळेना. "वेळ अगदी लाजिरवाणी आहे."

"पण पोचले ना?"

त्यांनी गाडीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि घड्याळ खिशात टाकलं. "पोचलात. जागा तुमची. पण हे इंजिन पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आणू नका."

ते गेल्यावर आत्या हुश्श करून बॉनेटवर बसली आणि टुणकन उठून उभी राहिली. ते भलतंच तापलेलं होतं.