कोऱ्या पानांची साक्ष

मी एक जुनी नोंदवही आहे. गेवराईच्या पुढे एक महाविद्यालय आहे, त्याच्या ग्रंथालयात मी राहते. कोणी कोणतं पुस्तक घरी नेलं आणि कधी परत आणलं, ते माझ्यात लिहितात. मित्रांनो, एवढंच माझं काम. पण परवा मला खोट्या साक्षीला उभं केलं. म्हणून आज मी गप्प बसणार नाही.

बीडच्या एका बाइंडिंगच्या दुकानात हरिबा नावाच्या म्हाताऱ्याने मला शिवलं. दाभणाने भोकं पाडली, दोऱ्याला मेण लावलं, पाठीला लाल कापड चिकटवलं. "ईस वर्सं हालत न्हाई ही," असं तो म्हणाला होता. मी हलले नाही. हलली ती माणसं. सुरुवातीला एका दिवसात माझी दोन-दोन पानं भरायची. मग गाइडं आली. वीस प्रश्न पाठ करा आणि सुटा! कादंबरी उघडूनही न बघता तिच्यावर पंधरा मार्कांचं उत्तर लिहिणारी पोरं मी पाहिली. त्यांना तसं लिहायला सांगणारे मास्तरही पाहिले. माझ्यावर चहाचे कप टेकू लागले. तपासणीची समिती आली की मला पुसायचे आणि पाहुणे म्हणायचे, "नोंदी किती स्वच्छ आहेत!" स्वच्छ असणारच. लिहायला येत होतं कोण?

अशात तीन वर्षांपूर्वी बबिता आली. बी.ए. पहिलं वर्ष, मराठी साहित्य. तिचा बाप सिदू शेळ्या-मेंढ्या राखतो. ग्रंथालय सांभाळणाऱ्या गहिनीनाथमामांनी तीनदा नाव विचारलं, तेव्हा कुठे ओढणीआडून आवाज फुटला. तिने एक कथासंग्रह घरी नेला. चार दिवसांनी परत आणला, तर मधली अकरा पानं गायब.

"पानं कुठायत गं?"

"मामा, शेळीनं खाल्ली."

अख्खं ग्रंथालय हसलं.

"बी.ए. तू करती का शेळी?" मामा ओरडले. "आजपासून पुस्तक घरी न्यायचं न्हाई. हितंच बसून वाचायचं. सही-बिही काय लागत न्हाई."

त्या दिवसापासून तिचं नाव माझ्यात आलं नाही. ती मात्र रोज आली. संध्याकाळची एसटी सुटेपर्यंत खिडकीजवळ बसून वाचायची. आधी ओठ हलवत, मग मनात, मग वहीत काहीबाही उतरवून घेत. पोलीस भरतीची तयारी करणारा अंगद शेजारच्या टेबलावरून चिडवायचा, "काय बबे, कविता वाचून फौजदार व्हतंय व्हय कुणी?" पहिल्या वर्षी तिने मान खाली घातली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "फौजदार न्हाई व्हत. पण फौजदाराला काय इचारायचं, ते कळतंय."

हे कोणत्या गाइडात मिळतं, सांगा बरं!

आणि परवाचा तो दिवस उजाडला. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला जागा हवी होती, म्हणून साहित्याची दोन कपाटं रिकामी करून पुस्तकं रद्दीत घालायची ठरली. रद्दीवाल्या बजरंगने टेम्पो दाराला लावला. प्राचार्यांनी मला उघडून सगळ्यांसमोर धरलं. "बघा. पाच वर्षं पानंच्या पानं कोरी. साहित्य कोणी वाचतच नाही."

माझा कागद जळाला असता तर बरं, असं मला वाटलं. कारण ते खोटं होतं आणि पुरावा म्हणून मीच त्यांच्या हातात होते.

बबिता उठली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"सर, पुस्तकं नेऊ नका. मी वाचते."

"तुझी नोंद कुठे आहे?"

"सही लागत न्हाई, असं मामांनीच सांगितलंय. हितं बसून वाचणाऱ्याची कुणाचीच सही घेत न्हाईत."

प्राचार्यांनी मामांकडे पाहिलं. मामा पंख्याकडे बघू लागले. "तसं... घरी नेलं तरच नोंद करतो, सर."

"म्हणजे पुरावा नाही."

"हाय की. कोणतं बी पुस्तक काढा अन् मला इचारा."

प्राचार्यांनी हसत एक कादंबरी ओढली. तिच्यावर धूळ नव्हती.

"ह्यातली बाई शेवटपर्यंत गप राहती," बबिता म्हणाली. "मला तिचा लई राग आला. मग कळलं, हा राग माझाच माझ्यावर हाय. घरात माझं लग्न ठरवत होते, मी बी गपच होते. त्या दिवशी घरी जाऊन बापाम्होरं पहिल्यांदा बोलले. म्हणलं, बाबा, परीक्षा झाल्याबिगर लग्नाची गोष्ट काढू नका. सर, ही पुस्तकं नसती तर मी आज हितं नसते."

तेवढ्यात अंगद उठला. त्याच्या हातात सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक होतं. त्याने ते उघडलं, तर आत कथासंग्रह!

"सर, मी बी वाचतो. लपून."

"अंगद्या, तू बी का बे?" दारातून बजरंग ओरडला आणि सगळे हसले.

प्राचार्य हसले नाहीत. मला मिटून म्हणाले, "यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी मात्र नोंदी दिसल्या पाहिजेत." टेम्पो जुनी वर्तमानपत्रं घेऊन गेला.

मित्रांनो, टाळ्या वाजवू नका. माझा संताप अजून उतरलेला नाही. जी पोरगी तीन वर्षं वाचत होती, तिला सगळ्यांसमोर परीक्षा द्यावी लागली. न वाचता साहित्य शिकवणाऱ्यांना मात्र कोणी एक प्रश्न विचारला नाही. आणि साहित्य शिकून पोरीला वाचा फुटते, हे त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

बबिता यंदा शेवटच्या वर्षाला आहे. जूनमध्ये ती इथे नसेल. मुदत एका वर्षाची आहे आणि ती पाळणं आता तुमच्यावर आहे. या, पुस्तक काढा, इथे बसून वाचलंत तरी माझ्यात सही करा. आणि सही लागत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याच्या डोळ्यांत बघून पेन मागा.