मामा, कंपौंडर आणि बोकड

चांदभाईच्या तंबूत त्या आठवड्यात तेलुगू सिनेमा का लागला, ते नगर स्टेशनावरच्या पेट्यांना ठाऊक. त्याने मागवला होता पौराणिक; पेटी उघडली तर आत तेलुगू विनोदी. लढाईचे दिवस, दुसरी पेटी मिळायची बात नव्हती आणि जामखेडचा बाजार भरलेला. तेव्हा त्याने लुगडी विकायला आलेल्या नरसय्या विणकराला धरलं.

"तुमच्या घरात तेलुगूच चालते ना? मग बसा भोंगा घेऊन. ते बोलतील तसं मराठीत सांगा."

नरसय्याची हरकत नव्हती. तो उतरला होता कारभारी पाटलांच्या ओसरीवर, बायको पुष्पावतीसह. दोघांना फुकट सिनेमा मिळत होता. पुष्पावती त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी. त्यांच्या पद्मशाली घरांत मामाने भाचीशी लग्न करणं इतकं साधं, की ते कुणाला सांगावं असं त्याला बारा वर्षांत सुचलं नव्हतं. ती कनातीपलीकडे बायकांत जाऊन बसली.

पहिली तीन रिळं झकास गेली. एक टकला वकील आणि अशिलांचे कागद खाणारा त्याचा बोकड. बोकडाने मृत्युपत्र खाल्लं की तंबू हसायचा, मग नरसय्या समजावून सांगायचा, की तंबू गप्प. त्याने समजावणं कमी केलं.

चौथ्या रिळात बोकड गेला आणि वकिलाची मुलगी आली. विहिरीवर एक तरुण उसासे टाकत होता. रीळ संपेपर्यंत टाकतच होता.

"बोकड कुटं गेला वो?" मागून कुणी विचारलं.

"येईल. आधी ह्यांचं लग्न जमायचंय."

"ह्यो कोन?"

"तिचा मामा. आईचा सख्खा भाऊ. तोच नवरा."

पुढे बसलेले कारभारी उठून उभे राहिले. गावात हा तंबू त्यांच्या शब्दावर उभा होता.

"सख्खा मामा? भाचीसंगं? आरं थू! बायामानसं बसल्यात हितं. चांदभाई, गुंडाळा ह्ये!"

नरसय्याला आधी वाटलं, ओरडा बोकडासाठी आहे. मग उमगलं, आणि ओसरीवरची आपली वळकटी डोळ्यांपुढे आली.

चांदभाई कानाशी लागला. "नरसय्याभाऊ, मामा नको. बदला त्याला."

"अहो, पण तो मामाच आहे!"

"तो काय तक्रार करायला येतोय? बदला."

नरसय्याने भोंगा उचलला. "चूक झाली. मामा नाही. मद्रासचा कंपौंडर आहे."

कारभारी बसले. पण पडद्यावरच्या माणसाला हे कोण सांगणार? कंपौंडर मुलीच्या आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. "आजारी आहे," नरसय्या म्हणाला. कोण, ते त्याने सांगितलं नाही. पुढे लग्न लागलं आणि मुलीच्या आईने नवरदेवाला कवटाळून हंबरडा फोडला.

"आता ही कंपौंडरची कोन?" कारभाऱ्यांनी विचारलं.

नरसय्याने भोंगा तोंडाशी नेला. "शेजारीण."

कनात हलली. "मामा!" पुष्पावतीचा आवाज तंबूभर गेला, नवऱ्याला ती दुसरी हाक मारतच नसे. "माझी आई तुमची शेजारीण कधीपासून झाली?"

कारभारी सावकाश मागे वळले. चांदभाईने डोळे मिटले. नरसय्याने भोंगा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"ती माझी बायको. थोरल्या बहिणीची मुलगी. आणि पडद्यावरचा तो मामाच आहे. कंपौंडर मी घातला."

कारभाऱ्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बोकड परतला आणि नवरदेवाच्या गळ्यातला हार खाऊ लागला. तंबू हशाने फुटला. कारभारीही हसले, आणि मग थू कशाला करायची होती ते त्यांना आठवेना.

"बोकड संपू द्या," ते डोळे पुसत म्हणाले. "मग बोलू."

"काई बोलायचं न्हाई," कनातीपलीकडून त्यांची बायको लंकाबाई म्हणाली. "पुष्पाबाई, तुज्या लग्नात बोकड हुता का गं?"

"नव्हता. मामा होते."

तंबू पुन्हा हसला. नरसय्याने वळून पडद्याकडे पाहिलं. तिथे बोकड पुन्हा निघून गेला होता, आणि लग्न लागूनही मामा आणि भाची नुसते उसासे टाकत होते; हसू सगळं तंबूतच होतं.