आवाजाचा कॅमेरा

धनाजीची मान उजवीकडे वळत नाही, हे अख्ख्या दहिवडीला ठाऊक होतं. उजव्या अंगानं कुणी हाक मारली की तो कमरेपासून वळायचा, बैलगाडी वळावी तसा. लोकांना वाटायचं, फोटोवाला आहे, रुबाब असणारच. मिरजेच्या डॉक्टरांना मात्र तो रुबाब वाटला नाही. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि विचारलं, "गळ्यात काय अडकवता?"

"कॅमेरा."

"किती वर्षं?"

"लगीन झालं तवापास्नं."

डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या समीक्षाकडं एकदा पाहून घेतलं. दुखण्याची दोन्ही कारणं तपासलेली बरी. मग म्हणाले, "ते वजन आता उतरवायचं. नाहीतर आधी बोटांना मुंग्या येतील, मग बोटं बधिर होतील. बटण दाबायला माणूस ठेवावा लागेल."

"स्टँडवर लावला तर?" समीक्षानं विचारलं.

"लग्नात स्टँड?" धनाजी म्हणाला. "पोरं त्येच्याभवती शिवाशिवी खेळत्यात."

हा कॅमेरा म्हणजे डीएसएलआर. भिंग तांब्याएवढं, पट्ट्यावरचं कंपनीचं नाव घामानं पुसून गेलेलं. बटण दाबलं की आत आरसा उचलायचा आणि 'खटाक' असा आवाज यायचा, जुन्या गोदरेज कपाटाचं दार लागावं तसा. माण तालुक्यातली निम्मी लग्नं धनाजीनं याच्यावर काढली होती. बाकीची निम्मी ज्यांनी मोबाईलवर काढली, त्यांच्या संसाराबद्दल तो वाईट बोलत नसे, पण चांगलंही बोलत नसे.

मिरजेहून परत येताना दोघं सांगलीत भाऊसोंच्या दुकानात उतरले. भाऊसो कॅमेरे विकत, आणि विकताना गिऱ्हाइकाच्या आजाराची मनापासून चौकशी करत. मानेचं ऐकल्यावर त्यांनी कपाटातून साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा काढला आणि धनाजीच्या शर्टाच्या खिशात टाकला.

"कळतंय का काय?"

"न्हाई."

"मग? ह्याला म्हणत्यात कॉम्पॅक्ट. नव्यातला नवा हाय. अंधारातसुद्धा फ्लॅश लागत न्हाई. तुमच्या त्या धुडापेक्षा झाक फोटो काढतोय. रविवारपतुर वापरा. पटला तर धूड मला आणून द्या, कॉलेजची पोरं न्हेत्यात जुनं. न पटला तर ह्यो परत. दोन्ही मात्र ठिवता यायचं न्हाई, आधीच सांगतो."

धनाजीनं दुकानातच भाऊसोंचा एक फोटो काढला आणि वाट बघत उभा राहिला.

"आला की," भाऊसो म्हणाले.

"आवाज न्हाई आला."

"आवाज नसतोयच ह्याला. हीच तर खुबी हाय!"

पहिलं गिऱ्हाईक चुलत भाऊ धुळा. त्याच्याकडं माडग्याळी मेंढा होता, नाव फौजदार. माडग्याळी मेंढ्याची सगळी इज्जत नाकावर असते. नाक पोपटासारखं जितकं बाकदार, तितका मेंढा घरंदाज. माणसात अशा नाकाच्या मुलीचं लग्न जुळता जुळत नाही, मेंढ्याला मात्र चार जिल्ह्यांतून बोलावणी येतात. गेल्या साली धनाजीनं मोठ्या कॅमेऱ्यानं फौजदाराचा फोटो काढायचा प्रयत्न केला होता. पहिल्याच 'खटाक'ला फौजदारानं त्याला धडक दिली. मान तेव्हाच गेली, असं धुळाच्या घरात कुणी बोलायचं नाही, एवढं ठरलेलं होतं.

या खेपेला धनाजी खिशातला कॅमेरा काढून फौजदाराच्या पुढ्यात बसला. फौजदार मक्याचा पाला खात होता, तो खातच राहिला. धनाजीनं जवळून, अगदी नाकापाशी जाऊन, भराभरा फोटो काढले. इतक्या जवळून काढल्यावर पुढं आलेली वस्तू आणखी मोठी दिसते, हे त्याला धंद्यामुळं माहीत होतं. धुळाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं पडद्याकडं पाहिलं, मेंढ्याकडं पाहिलं, परत पडद्याकडं पाहिलं.

"आरं गड्या," तो म्हणाला, "एवढं नाक तर माझ्या मेंढ्यालाबी न्हाई!"

संध्याकाळी धनाजी जेवायला बसला तेव्हा गळ्यात काही नव्हतं आणि मान थोडी, अगदी दोन बोटं, उजवीकडं वळत होती. त्यानं ठरवून टाकलं. रविवारी जायचं आणि धूड देऊन यायचं.

"अजून पलूसचा साखरपुडा हाय शनिवारचा," समीक्षा म्हणाली. "तितं बघा आधी. मेंढ्यावरनं माणसाचा अंदाज कसा यावा?"

"मेंढ्याला जमलं ते माणसाला का जमू नये?"

समीक्षा अंगणवाडी चालवत होती. असले प्रश्न तिला दिवसातून अनेकदा येत, आणि त्यांना उत्तर द्यायचं नसतं हे ती शिकली होती. तिनं फक्त शनिवारी बरोबर यायचं ठरवलं, कारण पिशवी उचलायला डॉक्टरांनी बंदी केली होती. आणि पिशवीत तिनं धूडही घातलं, राहू दे म्हणून.

पलूसला सुभेदार नाथाजींच्या मुलाचा, शंभूराजचा साखरपुडा होता. नाथाजी फौजेतून निवृत्त होऊन उसात उतरले होते, पण आवाज अजून परेडवरचाच होता. थोरल्या मुलीचं लग्न धनाजीनंच काढलेलं, म्हणून यालाही तोच. साखरपुडा म्हणायचा एवढंच. खरा कार्यक्रम सत्काराचा. आपल्याकडं अंगठी घालायला दोन मिनिटं लागतात आणि पाहुण्यांना फेटे बांधायला दोन तास. त्यात सत्काराची एक रीत आहे, ती कुठं लिहिलेली नाही पण कुणी मोडत नाही. देणारा नारळ पुढं करतो, घेणारा त्याला हात लावतो, मग दोघं एकमेकांकडं न बघता कॅमेऱ्याकडं बघतात. 'खटाक' झालं की देणारा हात सोडतो. तोपर्यंत नारळ दोघांचा.

पहिला मान लालासाहेबांचा. लालासाहेब पूर्वी कशाचे तरी संचालक होते आणि अजून त्याच चालीनं चालत. नाथाजींनी शाल घातली, नारळ पुढं केला. लालासाहेबांनी हात लावला. दोघांनी कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि त्यांना कॅमेरा दिसेना.

"फोटोवाला कुठाय?" नाथाजी गरजले.

"ह्यो काय, मी," धनाजी खालून म्हणाला. नुसत्या हातानं आलेल्या माणसाला कुणी वाट दिली नव्हती. तो दोन करवल्यांच्या मधून कसाबसा डोकं काढून उभा होता.

"मशीन कुठाय?"

धनाजीनं साबणाची वडी वर केली.

"ते र्‍हाऊ दे. फोटो काढ आधी."

"काढला."

"कवा?"

"आत्ताच की."

लालासाहेबांनी नारळ सोडला नव्हता. नाथाजींनीही सोडला नव्हता. "वाजला न्हाई," लालासाहेब म्हणाले. त्यांच्या हयातीत न वाजलेला सत्कार झाला नव्हता.

धनाजीनं आणखी एक काढला. आणखी एक काढला. पडदा उलटा करून दाखवला. पण फेटा खाली येईल म्हणून लालासाहेब वाकेनात. मागं सत्काराची रांग साचायला लागली. भटजींनी घड्याळाकडं बघून घसा खाकरला. शंभूराज आणि त्याची होणारी बायको अंगठ्या घेऊन बसून राहिले होते.

हवाच असेल तर खोटा आवाज चालू करायची एक सोय भाऊसोंनी निघताना सांगितली होती, ती धनाजीला आठवली. त्यानं बटणं चाळवून आवाज चालू केला. कॅमेरा 'टिंग' असं बोलला.

"मोबाईल वाजतोय तुमचा," लालासाहेब म्हणाले. "आधी ते घ्या, मग आमच्याकडं बघा."

"आवं लालासाहेब, फोटोच हाय त्यो!"

"सुभेदार, ह्येला चहापाणी झालंय का न्हाई?"

नाथाजींच्या मालकीणबाई शालूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "दहिवडीवरनं आणायचं कारण काय होतं मी म्हणते. ह्या असल्या कॅमेऱ्यानं आमची प्रांजलबी काढती, सहावीतली." आजूबाजूच्या बायका हसल्या. धनाजीच्या मानेला परत रग लागली. गळ्यात काही नसताना.

तेवढ्यात मागनं आवाज आला, "सरका बाजूला. वाट द्या."

लोकांनी वाट दिली. समीक्षा गळ्यात डीएसएलआर अडकवून पुढं आली होती. तो कॅमेरा कसा चालवायचा हे तिला येत नव्हतं. बटण कुठलं एवढं बघून माहीत होतं. त्यात फोटो साठवायचं कार्डसुद्धा नव्हतं, ते धनाजीनं बारक्यात घातलं होतं. ती नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली आणि अंगणवाडीतल्या आवाजात म्हणाली, "सगळे इकडं बघा. फेटा सरळ. दात दिसू द्या जरा."

लालासाहेबांनी दात दाखवले. तसे ते कुणाला दाखवत नसत.

खटाक.

नाथाजींचा हात सुटला. नारळ लालासाहेबांचा झाला. मांडवातून सुटकेचा एक श्वास निघाला आणि कार्यक्रम पुढं सरकला.

धनाजीला काय करायचं ते लगेच कळलं. समीक्षा 'खटाक' करणार त्याच्या निमिषभर आधी तो आपला गुपचूप फोटो काढायचा. बघणाऱ्याला तो तिच्या शेजारी हात चोळत उभा राहिलेला माणूस वाटत होता. सत्कारांची रांग भराभरा सरली. दोन व्याही एकदमच पुढं घुसले तेव्हा समीक्षा म्हणाली, "एकेक. हाताची घडी, गप बसायचं." आणि निवृत्त सुभेदारानं खरोखरच हाताची घडी घातली. अंगठ्या झाल्या, पेढे झाले. भटजींना गाडी मिळाली.

निघताना नाथाजी दारापर्यंत आले. त्यांनी धनाजीच्या खिशातलं 'समीक्षा फोटो स्टुडिओ' असं कार्ड मागून घेतलं, वाचलं, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. लग्न झाल्यावर धनाजीनं दुकानाला हौसेनं बायकोचं नाव दिलं होतं.

"आसं हाय व्हय! दुकान बाईंचं हाय. आमाला काय म्हाईत." मग धनाजीच्या पाठीवर थाप मारली. "तुमीबी मदतीला असता ते बरं हाय. एकट्या बाईमाणसाला सामान उचलायला कुणीतरी लागतंच."

"सामान मीच उचलती," समीक्षा म्हणाली. "त्यांची मान दुखती."

"मग नुसतं संगट येत जावा."

रात्री फोटो पाठवले. फोटो उत्तम आले होते, सगळे खिशातल्या कॅमेऱ्याचे. सकाळी उत्तरही आलं: बाईंनी लय भारी काढल्यात, लग्नाला बाईच पायजेत, त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यासकट.

धनाजीनं ते उत्तर दोनदा वाचलं. समीक्षाला दाखवलं नाही. समीक्षानं चहा ठेवता ठेवता त्याच्या खांद्यावरून ते वाचून घेतलं.

"आज रविवार हाय," ती म्हणाली. "कुठला द्यायचा?"

"तूच सांग."

"मी काय सांगू? मान तुमची हाय."

"मान माझी हाय, पर नावबी माझं हाय की. ह्यो दिला तर परत गळ्यात धोंडा. त्यो दिला तर कोण हुभं करतंय दारात? लालासाहेब काय, फौजदार काय... न्हाई, फौजदार बरा. फौजदाराला आवाजाची गरज पडत न्हाई." त्यानं मान चोळली. "मेंढ्यांचेच फोटो काढून पोट भरायचं म्हणलं तर तालुक्यात फोटो काढण्याजोगी नाकं किती असतील?"

समीक्षानं गाळणीतून चहा ओतला. "तिसरं न्हाई का काय दिसत?"

धनाजीला तिसरं कालच, नाथाजींच्या दारातच दिसलं होतं. दिसूनही न दिसल्यासारखं करायला गेली रात्र पुरली होती, त्याच्यापुढं जमेना.

"तुला ते येत न्हाई," तो म्हणाला. "कालचा निस्ता आवाज होता. आत कार्ड नव्हतं."

"म्हाईत हाय मला."

"भिंग फिरवायचं असतंय. उजेड बघायचा असतोय."

"मग शिकवा की. अंगणवाडी दुपारी सुटती. आन् मांडवात लोक ऐकत्यात माझं. तुमचं कवा ऐकलंय कुणी?"

हे खरं होतं. धनाजीच्या फोटोत सगळी माणसं नीट उभी असत, पण ती कॅमेऱ्याला बघून उभी राहिलेली असत.

भाऊसोंच्या दुकानात त्यानं खिशातून कॉम्पॅक्ट काढला, आतलं कार्ड धुडात घातलं, कॉम्पॅक्ट फडक्यानं पुसला आणि काचेवर ठेवला. भाऊसोंना वाईट वाटलं. त्यांनी मानेची पुन्हा चौकशी केली, आणि शेवटी विचारलं, "मग आता ते धूड गळ्यात कोण घालणार?"

धनाजीनं अख्खं शरीर वळवून समीक्षाकडं बोट दाखवलं. भाऊसोंनी ताबडतोब रुंद, मऊ पट्टा काढला आणि बाईंना कसा शोभून दिसेल ते सांगायला सुरुवात केली.

परतीच्या एसटीत समीक्षा खिडकीशी बसली. कॅमेरा मांडीवर. विट्यापर्यंत धनाजी शिकवत होता: हे फिरवलं की जवळ येतंय, हे फिरवलं की उजेड. मायणीच्या पुढं मेंढरांचा कळप रस्त्यावर आला आणि गाडी थांबली. समीक्षानं खिडकीतून भिंग बाहेर काढलं आणि आयुष्यातला पहिला खरा फोटो काढला. खटाक आवाजाबरोबर कंडक्टर चमकला, पलीकडच्या दोघांनी आपापले केस सारखे केले.

धनाजीनं पडदा बघितला. मेंढरं पांढऱ्या धुरासारखी पसरली होती. धनगराचं डोकं कापलं गेलं होतं. कोपऱ्यात खिडकीचा गज मात्र स्पष्ट होता.

"बरा आलाय," तो म्हणाला.

"खोटं बोलू नका. सगळं हाललंय." तिनं कॅमेरा परत त्याच्यापुढं धरला, गळ्यातला पट्टा न काढता. त्यामुळं त्याला बघायला तिच्याकडं सरकावं लागलं. "काय फिरवायचं राहिलं, परत सांगा."

गाडी हलली. त्यानं परत सांगितलं.