गणित नसलेली गुणपत्रिका

कॉलेजच्या कारकून शोभाताईंनी खिडकीतून आत घेतलेल्या दोन अर्जांपैकी एकावर शिक्का मारला आणि दुसरा तसाच बाहेर सरकवला.

“गोविंदा गोंडाणे, तुमचं झालं. प्रेमिला गोंडाणे कोण?”

“मी.”

“तुमचं बारावीला गणित नाही.”

सत्त्याऐंशीच्या जुलैत त्या कॉलेजात कॉम्प्युटर ॲप्लिकेशनची पदवी नव्यानेच सुरू झाली होती. अट भिंतीवर चिकटवलेली होती. प्रेमिलाने ती वाचली होती, तरीही अर्ज भरला होता. तिला बारावीला एकोणसत्तर टक्के होते. धाकट्या गोविंदाला अठ्ठेचाळीस.

“मले येते गणित,” ती म्हणाली. “ह्याले मीच शिकवलं. पाहिजे तं आत्ताच पेपर द्या.”

“येत असेल हो. पण येतं की नाही, ते मी बघत नाही. गुणपत्रिकेत आहे की नाही, तेवढंच बघते.” मग शोभाताईंनी आवाज हळू केला. “एकच विषय घेऊन बाहेरून परीक्षा देता येते. ऑक्टोबरात. पुढच्या वर्षी या.”

मागे उभे असलेले वडील, देवाजी, म्हणाले, “चाल वं. लाइन लागली मागं.”

प्रेमिलाला अकरावीला गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती, दोन्हीतून एक निवडायचं होतं. गणिताचा तास संध्याकाळी सुटायचा. देवाजी शहराबाहेरच्या वाडी भागातल्या गोदामात ट्रकांवरचा माल उतरवून घेत. अमरावती रोडवरच्या त्या ट्रकांच्या रांगेतून पोरीने अंधारात घरी यावं, हे त्यांना पटलं नाही. चिटणिसाची कार्यपद्धती घेतली की टायपिंग, टायपिंग झालं की नोकरी. सगळं त्यांनी म्हटलं तसंच झालं. बारावीनंतर प्रेमिला त्याच गोदामाच्या ऑफिसात ट्रकांतल्या मालाच्या बिल्ट्या टाइप करू आणि पावत्या हाताने लिहू लागली. पुढे गोविंदाने गणित घेतलं आणि पहिल्याच चाचणीत आपटला. तेव्हापासून त्याच्या पुस्तकातली उदाहरणं ती आधी स्वतः सोडवायची, मग त्याला समजावून द्यायची. दोन वर्षं हे चाललं.

“गोविंदा शिकला का तो तुलेही शिकवन,” परतीच्या बसमध्ये देवाजी म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. प्रेमिला तिकिटाची सुरळी करत राहिली.

कॉलेज सुरू झालं, आणि गोविंदा दर दोन दिवसांनी वही तिच्यापुढे ठेवू लागला. भाकरी झाल्या की ती हात पुसून बसायची. जे यंत्र तिने कधी पाहिलं नव्हतं, त्याने आधी काय करावं, मग काय करावं, ते एकेक ओळ लिहून द्यायची. कुठे चुकलं तर तिला ते कागदावरच दिसायचं.

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी तो खुशीत आला.

“ताई, सरांनी माह्यी वही साऱ्या वर्गाले दाखवली. कोणं केलं म्हणून विचारलं.”

“मंग?”

“मी म्हटलं, मीच.”

प्रेमिलाने चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं.

“कसा दिसते रे तो कॉम्प्युटर?”

“टीव्हीसारखा. काळ्यावर हिरवे अक्षरं.”

तिने वही मिटून त्याच्या हातात दिली. “आता तुह्यं तू करत जा.”

“मले नाही येत न, ताई.”

देवाजी दारात चपला काढत होते. “काहून नाही येत? तुह्यं तं गणित आहे.”

देवाजींनी वही मागून घेतली. अक्षर त्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं. गोदामातल्या पावत्या त्याच अक्षरात असत. चार पानं उलटून त्यांनी वही चटईवर ठेवली आणि हात धुवायला न्हाणीत गेले. बराच वेळ आतून पाण्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा काढून प्रेमिलाने गणिताच्या परीक्षेचा फॉर्म आणला. देवाजींनी काही विचारलं नाही. पण रविवारी पहाटे ती बुद्धविहाराच्या ओट्यावर अभ्यासाला बसली आणि आई, तुळसाबाई, तिला पाण्याला बोलवायला निघाली, तेव्हा ते म्हणाले, “राहू दे तिले. मी भरतो पाणी.”

गोविंदाही वही घेऊन ओट्यावर यायचा. ती चुकलेल्या ओळीवर बोट ठेवायची. पेन्सिल मात्र हातात घेत नसे.

ऑक्टोबरात सीताबर्डीवरच्या एका शाळेत तिचा नंबर आला. पेपर सुटल्यावर थेट ऑफिसला जायचं होतं, म्हणून ती ऑफिसचीच साडी नेसली होती, केसांचा अंबाडा घातला होता. वर्गात सतरा-अठरा वर्षांची पोरं गोंगाट करत होती. मार्चात गणितात नापास झालेली.

ती दारात आली. पहिल्या बाकावरच्या दोन मुली उठल्या. मग बाक करकरले आणि सगळा वर्ग उभा राहिला.

“गुड मॉर्निंग, मॅडम.”

प्रेमिलाने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“बसा,” ती म्हणाली, आणि बाकांवर खडूने लिहिलेले नंबर वाचत मागच्या ओळीकडे गेली.