बारा वाजेपर्यंत गप्प

मित्रराष्ट्रांच्या विज्ञान समितीत एखादी गोष्ट मंजूर करायची म्हणजे बोलायचं नसतं. ब्रुसेल्सच्या कचेरीतून कागद चौदा देशांना जातो आणि ठरलेल्या वेळेपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही, की झालं मंजूर. कुणी सगळ्यांना एक ओळ जरी लिहिली, तरी मौन मोडलं. कागद पुन्हा महिनाभर फिरणार.

या मौनाची राखण समितीच्या कारकून हिल्डबाईंकडे होती. सव्वीस वर्षं त्या शहाण्या माणसांना गप्प बसताना बघत होत्या. ते त्यांना किती जड जातं, हेही.

आज शुक्रवार, मुदत दुपारी बारापर्यंत. समोर जॉर्जियाचा संशोधक नोदार बसला होता. कडा सरकू लागला की आधीच इशारा देणारी यंत्रं त्याला आपल्या गावावरच्या डोंगरात बसवायची होती, बर्फ पडायच्या आत. त्याचा कागद तीनदा परत आला होता: एकदा नकाशातल्या रंगावरून, एकदा स्वल्पविरामावरून, आणि एकदा एका देशाला तो इतका आवडला की त्यानं सगळ्यांना कौतुकाचं पत्रच धाडलं. बर्फाला मात्र समितीची परवानगी लागत नाही.

"बारापर्यंत धीर धर," हिल्डबाई म्हणाल्या. घड्याळात अकरा चाळीस.

तेवढ्यात पोर्तुगालचे नवे प्रतिनिधी आबीलियो फोन हातात घेऊनच आत आले. "हिल्डबाई, काय सुंदर काम आहे हो या माणसाचं. सगळ्या देशांना चार ओळी लिहितोय. झालंच, पाठवतो."

हिल्डबाईंना मागचं कौतुकाचं पत्र आठवलं. कारकुनानं एखाद्या देशाला 'गप्प बसा' सांगणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. त्यांनी कॉफी पुढे केली, बिस्किटं पुढे केली. साहेबांनी एका हातानं बिस्कीट उचललं; दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर चालूच.

"साहेब," म्हणत नोदार उठला. पिशवीतली घरची दारू त्यानं तीन रिकाम्या कपांत ओतली. "आमच्याकडे पेला उचलून कुणी बोलायला लागला, की त्याचं संपेपर्यंत बाकीच्यांनी हातातलं खाली ठेवायचं असतं."

"अरे वा, ठेवलं," साहेब म्हणाले.

नोदारनं आधी पाहुण्यांच्या नावानं सुरुवात केली, मग पोर्तुगालच्या समुद्राच्या, मग तिथल्या मासळीच्या, जी त्यानं जन्मात चाखली नव्हती. हिल्डबाई हसू दाबत घड्याळ बघत होत्या. अकरा बावन्नला त्याची गाडी अडली. साहेबांचा हात फोनकडे वळला.

"आता गेलेल्यांसाठी," नोदार हळू आवाजात म्हणाला. "कडा कोसळला तेव्हा माझे वडील डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यात होते. एकूण सात जण." आणि त्यानं सातही नावं घेतली, प्रत्येकाची एकेक खोड सांगत. आबीलियो उभे राहिले. त्यांना फोन आठवला नाही आणि हिल्डबाईंना घड्याळ.

बारा वाजून पाच मिनिटांनी हिल्डबाईंनी शिक्का मारला. "मंजूर."

नोदारनं लगेच आईला फोन लावला, आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि वाट बघत थांबला.

"पहिलं यंत्र आमच्याच मळ्यात बसणार म्हटलं," तो म्हणाला. "काही बोलतच नाही."

"मग संमती आहे," हिल्डबाई म्हणाल्या.

पलीकडून बारीक आवाज आला. नोदारनं ऐकून घेतलं. "म्हणते, द्राक्षं उतरवल्यावर खणा. आणि बाबा सापडले तिथं तिनं वेल लावलीय, तेवढी सोडून."

हिल्डबाईंनी पेन उचललं आणि ही दुरुस्ती कागदाच्या कडेला लिहून घेतली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच एखादी दुरुस्ती त्यांनी चौदा देशांना पाठवली नाही.