आयुधपूजेत बसलेली सही

आमच्या घरी आयुधपूजेच्या दिवशी सुईसुद्धा उचलत नाहीत. विळी, पाने, लेथ, माझं शिवणयंत्र, सुनेचे लॅपटॉप, सगळं धुऊनपुसून पूजेला बसतं आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सकाळी परत पूजा झाली की मी उचलते. मीच उचलते, दुसरं कोणी नाही. हे, म्हणजे माझे यजमान, होते तेव्हा एका गिरणीवाल्याची मोटर नेमकी त्याच दिवशी बंद पडली. त्याचा माणूस आमच्या दारात बसून रडला, तरी ह्यांनी पाना उचलला नाही. आमच्या पीळमेडू भागात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून यंदा काय झालं ते मीच सांगते. माझ्या घरातलं लोकांच्या तोंडून फिरलेलं मला खपत नाही.

खाली आमचा ग्राइंडरचा कारखाना. तो आता मुलगा तिरुमूर्ती बघतो. वर माडीवर सून पूंगोडी फोनवरची अ‍ॅपं बनवते, तिच्या जोडीला रशीदा म्हणून एक मुलगी आहे. मी तिसरीपर्यंत शिकले, पण माझ्या माडीवर काय चालतं ते मला समजायलाच हवं, म्हणून पूंगोडीला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. अ‍ॅप लिहून झालं की त्याचं एक पुडकं बांधतात. पुडक्यावर सही मारतात. मग ते थोड्या लोकांच्या फोनवर पाठवतात, वापरून बघा म्हणून. सगळं ठीक निघालं तर मग जगाला. सही पेनाची नव्हे, ती एक फाइल असते आणि तिला परवलीचा शब्द असतो. फोन ती सही बघतो. आधीच्या पुडक्यावर जी सही होती तीच नव्यावर असली तर आत घेतो, नसली तर दारातूनच हाकलतो. मग जुनं अ‍ॅप काढून टाकून नवं घालावं लागतं आणि जुन्याबरोबर त्यात साठवलेलं सगळं जातं.

"म्हणजे सही हरवली तर तू संपलीस," मी म्हटलं होतं.

"संपले, अत्तै," पूंगोडी म्हणाली. आमच्यात सासूला अत्तै म्हणतात. म्हणून ती सही इंटरनेटच्या मशीनवर ठेवतच नाही. एक पेन ड्राइव्हमध्ये, आणि दुसरी प्रत बँकेच्या लॉकरात. ही तिची शिस्त मला आवडते. सुनेचं कौतुक मी तोंडावर करत नाही, इथे करते.

यंदा पूजेला तिने लॅपटॉपांबरोबर तो पेन ड्राइव्हही आणून ठेवला. "माझं खरं आयुध हेच," म्हणाली. मी त्याला ह्यांच्या जुन्या हातोड्याशेजारी जागा दिली. कापूर झाला, रस्त्यावर कोहळा फोडला, गाड्यांच्या चाकांखाली लिंबं चिरडली. आम्ही पानावर बसलो. काळ्या चण्यांचं सुंडल वाढत होते तेवढ्यात पूंगोडीचा फोन वाजला. ती ऐकत राहिली आणि तिचा हात पानातच थांबला.

अविनाशी रोडवरच्या एका मधुमेहाच्या दवाखान्यासाठी तिने घंटीचं अ‍ॅप केलं होतं. इन्शुलिनची वेळ झाली की फोन वाजतो, म्हाताऱ्याने सुई घेऊन 'घेतली' असं बटण दाबायचं. चाळीसेक पेशंट ते वापरून बघत होते. गेल्या आठवड्यात तिने नवं पुडकं पाठवलं आणि त्यात चूक राहिली. 'घेतली' दाबलं तरी तासाभराने घंटी पुन्हा वाजायची, जणू घेतलीच नाही. त्या दिवशी सकाळी एका म्हाताऱ्याने दोनदा टोचून घेतली. घाम फुटून तो खाली बसला. नशिबाने लेक घरात होती, तिने तोंडात साखर कोंबली. डॉक्टरीणबाई फोनवर ओरडत होत्या, त्यांचं ओरडणं मला माझ्या पानापर्यंत ऐकू आलं.

"घंटी इथून बंद कर ना," तिरुमूर्ती म्हणाला.

"नाही होत. ती फोनच्या पोटात असते, नेट नसलं तरी वाजावी म्हणून मीच तशी केली." पूंगोडीने रशीदाला फोन लावला. रशीदाचा लॅपटॉप तिच्या घरी होता, तो काही पूजेला बसला नव्हता. तिने चूक शोधली, दुरुस्त केली, नवं पुडकं बांधलं. आमची पानं उचलेपर्यंत तिचा उलट फोन आला. तयार आहे, फक्त सही हवी.

पूंगोडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अत्तै, पूजेतलं एक उचलावं लागेल."

"वाढायचा डाव हवा असेल तर फडताळात दुसरा आहे."

"डाव नाही. पेन ड्राइव्ह. संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांची घंटी वाजणार आहे."

"लॉकरातली प्रत?"

"बँक आज बंद आहे, उद्याही बंद."

"मग परवा."

"अम्मा," तिरुमूर्ती मध्ये पडला, "देवी काय रागावणार आहे? ती समजून घेईल."

"देवी घेईल. मी नाही घेणार. तुझ्या बापाने गिरणीवाल्याला नाही म्हटलं तेव्हा तू केवढासा होतास, तुला आठवत नसेल."

"अप्पांच्या वेळी मोटर होती. ही माणसं आहेत."

"माणसांना कान असतात ना? मग त्यांना सांगा. फोन करा एकेकाला. दुसरी घंटी वाजली तर घेऊ नका, एवढंच तर सांगायचंय."

"फोन चालतो का आजच्या दिवशी?" पूंगोडीने विचारलं. जरा खवचटपणेच विचारलं, माझी सून आहे.

"फोन आयुध नाही, खोड आहे. चालतो."

दवाखान्यातून नंबर आले. आम्ही तिघं ओसरीवर बसलो आणि वाटून घेतले. मला वाटलं होतं तासाभराचं काम. पण आजकाल अनोळखी माणसाने फोनवर फोनबद्दल बोललं की लोकांना चोरच वाटतो. एका बाईने तिरुमूर्तीला विचारलं, "पोलिसात देऊ का तुला?" दुसरीने पूंगोडीला कुठल्या शाळेत शिकलीस, बापाचं नाव काय, सगळं विचारलं आणि मग म्हणाली मुलगा आल्यावर बोल. तरी एकेक करत बऱ्याच जणांना पटत गेलं. मी आपली मनात म्हणत होते, बघा, पूजा न मोडता होतंय की नाही.

मग मला सिंगानल्लूरच्या नाच्चिमुत्तूंचा फोन लागला. सूतगिरणीत नोकरी केलेले, बायको गेलेली, एकटे राहतात. लेक ईरोडला.

"कोण?"

"मी मयिलात्ताळ, पीळमेडूहून. तुमच्या फोनात सुईची घंटी आहे ना, ती माझ्या सुनेने केली आहे."

"ओटीपी देणार नाही."

"कोण मागतंय तुमचा ओटीपी? मला माझाच वाचता येत नाही."

ते हसले. गिरणीतल्या माणसांसारखं मोठ्याने बोलायचे, बहुतेक ऐकूही कमी येत असावं. मी सगळं सावकाश सांगितलं. "आता तुम्ही म्हणून दाखवा."

"पहिल्यांदा वाजली की घ्यायची. दुसऱ्यांदा वाजली की घ्यायची नाही."

"शाबास. ठेवते."

"थांबा, बाई. एक विचारू का? दुसऱ्यांदा वाजली तर ती दुसरी आहे हे मला कसं कळणार?"

"पहिली घेतली असेल ना तुम्ही."

"तेच तर आठवत नाही. जेवलो की नाही ते ताटाकडे बघून ठरवतो मी. म्हणून तर लेकीने घंटी लावून दिली. स्वतःपेक्षा घंटीवर भरवसा ठेवा अप्पा, असं सांगून गेली ती. आता तुम्ही म्हणताय तिच्यावर ठेवू नका. मग कोणावर ठेवू?"

पूंगोडी आणि तिरुमूर्ती माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "फोन जवळ ठेवा, परत करते," आणि उठले.

देवघरात जाऊन कापूर लावला. उद्या सकाळी जी परतपूजा करायची ती तेवढ्या एका वस्तूपुरती केली. चुरमुरे-गूळ दाखवला, तबक उत्तरेकडे बोटभर सरकवलं, पेन ड्राइव्ह उचलला. "एवढंच," मी बाहेर येऊन म्हटलं. "लॅपटॉप नाही मिळणार. रशीदाला तिचा घेऊन यायला सांग."

पूंगोडीने हात पुढे केला, वस्तू घेतली आणि उजेडात धरून बघितली.

"काय?"

"काही नाही, अत्तै."

"बोल."

"चंदन तोंडात गेलंय."

बघितलं तर खरंच. एवढीशी वस्तू, टिळा लावायला जागा कुठे? चकचकीत दिसलं तिथे मी लावला होता, चंदन आणि वर कुंकू, चांगला ठसठशीत. सुकून आत घट्ट बसला होता.

"तूच ठेवलास ना माझ्यासमोर? सांगायचं नाही, इथे लावू नका म्हणून?"

"तुम्ही लावताना कोण बोलेल?" तिरुमूर्ती म्हणाला. बायकोची बाजू घ्यायला त्याला बरोबर वेळ सापडते.

रशीदा स्कूटरवरून आली. खाली कारखान्यातून स्पिरिट आणलं, नवा टूथब्रश फोडला. रशीदाने एकेक कण टाचणीने काढला. कपाळावर आठ्या, जीभ दातांत. मी शेजारी उभी राहून दोनदा 'हळू' म्हटलं. तिसऱ्यांदा तिने वर बघितलं. "पाट्टी, तुम्ही बसा ना जरा." आजी म्हणून हाक मारून माझ्या घरात मला बसा म्हणाली. मी बसले.

पहिल्यांदा लावला तर लॅपटॉपने ओळखलाच नाही. पुन्हा स्पिरिट, पुन्हा फुंकर, तिरुमूर्तीने केस वाळवायचं यंत्र आणलं. ते पूजेत नव्हतं, मी आधी खात्री करून घेतली. मग लावला आणि छोटा दिवा लागला.

परवलीचा शब्द टाकायची वेळ आली तशी रशीदाने मान फिरवली. मीही फिरवली. पूंगोडीने पुडक्यावर सही मारली, आणि ते आधी तिरुमूर्तीच्या फोनवर घालून बघितलं, तिथे जुनं पुडकं होतं म्हणून. फोनने कुरकुर केली नाही. जुन्यावर नवं बसलं, आतल्या वेळा होत्या तशाच होत्या. मग तिने सगळ्या पेशंटना पाठवून दिलं.

पाठवलं म्हणजे झालं असं नसतं. ज्याच्या फोनवर गेलं त्याने ते उघडून दाबायला हवं, आणि दाबलं की फोन घाबरवतो, हे कुठून आलंय, नक्की घालू का म्हणून. म्हातारी माणसं तिथेच अडतात. म्हणजे पुन्हा फोन. पण आता दुपारच्या ओळखी होत्या, आता कोणी चोर म्हणालं नाही. रशीदाही आमच्यात बसली. सुंडल आणि चुरमुरे खात आम्ही चौघं नुसतं एकच वाक्य बोलत होतो, हिरवं दाबा, हो, हिरवं.

नाच्चिमुत्तूंचा नंबर मी कोणाला दिला नाही.

"हिरवं दाबलं?"

"दाबलं. फोन म्हणतोय धोका आहे."

"मी म्हणते नाही. तुम्ही कोणाचं ऐकणार?"

"तुमचं," ते म्हणाले, आणि दाबलं.

त्यांची घंटी वाजली तेव्हा मी फोनवरच होते. त्यांनी सुई घेतली, 'घेतली' दाबलं. मी म्हटलं आता जेवायला बसा, फोन बाजूला उघडाच ठेवा. रसमभाताचा आवाज येत होता. तासभर थांबायचं होतं, दुसरी वाजते का ते बघायला. पूंगोडी म्हणाली अत्तै, बाकीच्यांचं झालं, ह्यांचंही नंतर कळेल, तुम्ही ठेवा. मी ठेवला नाही. तिरुमूर्तीच्या फोनवर बसलं म्हणून सिंगानल्लूरच्या फोनवर वाजणार नाही, हे मला बघितल्याशिवाय पटणार नव्हतं.

तासभर आम्ही काय बोललो म्हणाल तर काहीच नाही. त्यांनी गिरणीतल्या कुठल्याशा मुकादमाला शिव्या दिल्या, मी म्हटलं बाईमाणसाशी बोलताय. ते म्हणाले माझी बायको याहून वाईट द्यायची. मग म्हणाले, तुमच्या घरी आज पूजा ना, कामं बंद असतील. मी म्हटलं बंद होती.

तास झाला. त्यावर थोडा वेळ गेला. त्यांच्याकडे कोणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता, बाकी शांत.

"वाजली नाही हो," नाच्चिमुत्तू म्हणाले.

"नाही."

"म्हणजे मी घेतली आहे."

"घेतली आहे. मी ऐकलंय."

"उद्याही करणार का फोन?"

"उद्या मला काम आहे," मी म्हटलं. "सकाळी सगळं उचलायचंय."