बहिणीचं नाव

"मुलीला घेऊन आलेल्या बाई फू गुईश्यांग, वय एकसष्ट. आजी का या?" खिडकीपलीकडच्या परिचारिकेनं कागद पुढे सरकवत विचारलं.

कचेरीतून धावत आलेली शेन लान त्या नावाकडे बघतच राहिली. तिच्या दीड वर्षाच्या मियानमियानला सांभाळणाऱ्या बाईचं नाव फू गुईलान होतं आणि वय त्रेपन्न. एजन्सीनं दिलेली ओळखपत्राची प्रत तिनं स्वतः दोनदा वाचली होती. लानचा नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातले आठ महिने समुद्रात. निंगपो शहरात हक्काचं माणूस नाही. चार बायका नाकारून झाल्यावर ही पाचवी मनात भरली होती. या बाईनं घरात आल्या आल्या, कोणी न सांगता, आधी हातपाय धुतले होते.

फू मावशी बाकावर बसल्या होत्या. तापाचा झटका ओसरून मियानमियान त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

"गुईश्यांग कोण?" लाननं विचारलं.

मावशींनी मान खाली घातली. गुईलान म्हणजे धाकटी बहीण, आनह्वेइ प्रांतात गावीच असते, असं त्यांनी सांगितलं. पंचावन्नच्या पुढच्या बाईला एजन्सीवाले दारातूनच परत पाठवतात, म्हणून तिच्या ओळखपत्राची प्रत दिली होती.

"म्हणजे इतके महिने मी माझी पोर कुणाच्या हवाली करत होते?"

"माझ्याच," मावशी हळूच म्हणाल्या.

लानच्या डोक्यात तिडीक गेली. जी बाई नाव खोटं सांगते ती आणखी काय काय खोटं सांगत असेल, हा किडा एकदा डोक्यात शिरला तो निघेना. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी लाननं मावशींना कामावरून काढलं. त्यांनी गयावया केली नाही. मियानमियानला झोपवताना दिवा एकदम मालवू नका, दचकते ती, एवढंच सांगून त्या गेल्या.

पुढच्या बाईची कागदपत्रं लाननं मूळ प्रतींसकट तपासली. सगळं चोख होतं. ती दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची. तिच्यानंतरच्या बाईकडे तर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही होतं. एका दुपारी लान अवचित घरी आली, तर मियानमियान उंच खुर्चीला पट्ट्यानं बांधलेली, समोर टीव्ही चालू, लंगोट ओला चिंब. पोर रडतही नव्हती. रडून उपयोग नाही, हे तिला एव्हाना कळलं असावं.

त्याच आठवड्यात लसीसाठी हॉस्पिटलात जाणं झालं. तीच परिचारिका होती. तिनं ओळखलं.

"त्या आजी बऱ्या आहेत ना? त्या दिवशी म्हणत होत्या, आई आल्यावर तिचंच ओळखपत्र घ्या. मी म्हटलं, कार्डाशिवाय नोंद होत नाही, तासभर थांबावं लागेल. त्यांनी पोरीकडे एकदा बघितलं आणि स्वतःचं काढून दिलं."

लानला आता उमगलं. ते कार्ड दिलं की काम जाणार, हे मावशींना ठाऊक होतं. तासभर गप्प बसल्या असत्या तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं.

मावशींना शोधायला दोन रविवार गेले. त्या बंदराजवळच्या एका खानावळीच्या मागच्या अंगणात मासे साफ करत होत्या. थंडी कडक होती. लान मियानमियानचा हात धरून समोर उभी राहिली. माझं चुकलं, घरी चला, असं तिनं एका दमात सांगून टाकलं.

मावशींनी तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

"नाही, मियानमियानच्या आई. इथं काम अंगमेहनतीचं आहे, पण मला माझ्या नावानं हाक मारतात." त्या थोडं हसल्या. "तुमच्याकडे परत आले, तर तुम्ही चांगल्याच वागाल. पण रोज संध्याकाळी दार उघडताना तुमची नजर पोरीआधी माझा चेहरा तपासेल. ते मला सोसायचं नाही."

लाननं मियानमियानला हळूच पुढे केलं.

मग मावशी मियानमियानकडे वळल्या. बर्फाच्या पाण्यानं लाल झालेले हात त्यांनी ॲप्रनला पुसले, काखेत घालून ऊब आणली आणि मग पुढे केले. मावशी गेल्याला आठ महिने झाले होते, पोर सगळं विसरली होती. ती आईच्या कोटामागे लपली.

"असू दे," मावशी म्हणाल्या. "याच वयात विसरलेलं बरं."

त्यांनी हात मागे घेतले, स्टूल पुढे ओढलं आणि परातीतला पुढचा मासा उचलला.